सध्या कितव्या पानावर आहात?

चौथी_सीट | सोमवार, रात्री ९.५०

‘सध्या काय वाचताय’ असं कुणी विचारलं की आपण सगळेच थोडं खोटं बोलतो. मागच्या वर्षी वाचून झालेलं पुस्तक सांगतो, नाहीतर घ्यायचं मनात आहे ते सांगतो. म्हणून या धाग्याला एकच नियम. पुस्तकाच्या नावाबरोबर पान सांगायचं. आज, आत्ता, खूण कितव्या पानात आहे ते. आणि कुठे बसून (किंवा लटकून) वाचताय, तेही. परीक्षण नको. संपलेलं पुस्तक तर नकोच नको.

माझ्यापासून सुरुवात. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, पान ४१. जागा: डोंबिवलीहून सकाळची स्लो, लेडीज डबा, आणि बसायला आयडीत आहे तेच. म्हणजे अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत.

१९३९ सालची कादंबरी, बेडेकरांनी आयुष्यात लिहिलेली एकच. युरोपातून मुंबईला निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि आपला चक्रधर. कॉलेजात वाचली तेव्हा मला ती फक्त प्रेमकथा वाटली होती. आता बोटीवरची बाकीची माणसंच जास्त दिसतायत. कुणाच्याही हातात परतीचं तिकीट नाही, आणि जेवणाच्या टेबलावर मात्र रोजच्यासारख्या कुरबुरी चालल्यात.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. पुस्तक आमच्या इथल्या वाचनालयातलं, जुनी आवृत्ती, पानं खारी बिस्किटासारखी झालीत. कोपरा दुमडायला गेलात तर हातात येईल. आणि समासात पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात, स्टेशनांची नावं लिहिलीत. पान ९ ला ‘मुलुंड’. पान १७ ला ‘कांजूर’. पान ३३ ला ‘शीव’. बाकी कुठे एक अक्षर नाही. अधोरेखन नाही, ‘वा!’ नाही, नाव नाही. माझ्याआधी कुणीतरी हेच पुस्तक याच लाइनवर वाचलंय.

पुढची पानं मुद्दाम चाळलेली नाहीत. येतील तसं सांगत जाईन. तुमचं चालू द्या.


निवृत्त_वाहक | सोमवार, रात्री १०.१५

वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्याकडून दंड घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पेन्सिल असो नाहीतर पेन.

पुस्तक: ‘मुंबईचे वर्णन’, गोविंद नारायण माडगांवकर. पान ११२. जागा: दादर पूर्वेला शारदा टॉकीजच्या इमारतीत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथला संदर्भ विभाग. घरी न्यायला मिळत नाही, म्हणून डबा खाऊन दुपारी जातो आणि चारला उठतो. संस्था १८९८ ची, पुस्तक १८६३ चं, वाचणारा १९५८ चा. त्या टेबलावर सगळ्यात धाकटा मी.

न. र. फाटकांनी संपादित केलेली आवृत्ती आहे. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक. पहिली वीस पानं डोकं धरलं. मग लक्षात आलं की हे मोठ्याने वाचायचं गद्य आहे. आता ओठ हलवत वाचतो. समोर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा बसतो, त्याला मी जप करतोय असं वाटत असावं.

मी बेस्टमध्ये ३१ वर्षं कंडक्टर होतो. त्यामुळे या माणसाने गाड्याघोड्यांबद्दल काय लिहिलंय ते आधी शोधलं. विचार करा, हे छापलं तेव्हा बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन फक्त दहा वर्षं झाली होती. विहारचं पाणी शहरात येऊन तीन वर्षं. घोड्यांची ट्राम यायला अजून अकरा वर्षं होती, ती १८७४ ला आली. विजेची १९०७ ला, आमची बस १९२६ ला. आणि शेवटची ट्राम गेली ३१ मार्च १९६४ च्या रात्री, बोरीबंदरहून दादरला. ती मी वडिलांच्या खांद्यावरून पाहिली. काय पाहिलं म्हणाल तर माणसांची डोकी. ट्राम दिसलीच नाही. पण ‘पाहिली’ असं साठ वर्षं सांगतोय.

खूण म्हणून जुनं तिकीट वापरतो. पाच पैशांचं.


टपरी_कटिंग | सोमवार, रात्री १०.४०

काका, पाच पैशांत कुठपर्यंत जाता यायचं?


निवृत्त_वाहक | सोमवार, रात्री १०.४४

आता पान ११२ पर्यंत जाता येतं.


माहीमची_सून | सोमवार, रात्री ११.०५

काका, सहीच!

माझं ‘स्मृतिचित्रे’, लक्ष्मीबाई टिळक. पान सांगणं अवघड आहे, कारण आमच्याकडे दोन खुणा आहेत. एक माझी आणि एक सासूबाईंची. त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीय, महिनाभर वाचायचं नाही अशी तंबी आहे. म्हणून रात्री जेवणं आटोपली की मी वाचून दाखवते. त्या झोपल्या की त्यांची खूण तिथेच राहते आणि मी गुपचूप पुढे जाते. आज त्या पान ६८ वर, मी ९५ वर. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचताना ‘अगंबाई’ म्हणायचं नाटक करावं लागतं.

सुरुवातीला त्यांच्या वडिलांचं सोवळं येतं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, मिठासकट. इथे सासूबाई इतक्या हसल्या की डोळ्याला ताण नको म्हणून मला पुस्तक मिटावं लागलं. मग म्हणाल्या, “तुला काय हसायला येतंय, कोविडमध्ये तू दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतीस.”

खरं आहे. मी भेंडीसुद्धा धुतली होती. एकेक.

मला त्या पुस्तकातली एक गोष्ट फार आवडते. बाई स्वतःची कीव करत नाही. नवरा न सांगता निघून जातो, परत येतो, धर्म बदलतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला इथे मुंबईतच झाला. एवढं सगळं घडतं आणि सांगणारी शेजारणीला आळूच्या फदफद्याची कृती सांगावी तशा सुरात सांगते. मध्येच असं एखादं वाक्य टाकते की वाचून दाखवणाऱ्याचा आवाज अडकतो.


नवीन_सभासद_४४ | सोमवार, रात्री ११.३०

कुणाकडे रणांगणची पीडीएफ आहे का? असल्यास पाठवणे.


अर्धवटराव | सोमवार, रात्री ११.३२

आला. प्रत्येक धाग्यावर येतो.


चौथी_सीट | मंगळवार, सकाळी ७.१०

दादा, रागावू नका, पण नाही. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क शाबूत असतात. बेडेकर १९९८ ला गेले, म्हणजे २०५८ संपेपर्यंत थांबा किंवा विकत घ्या. लहानसंच पुस्तक आहे, दोन वडापाव-चहाच्या हिशेबात बसतं, फार तर चार. फुकटच हवं असेल तर माहीमची_सून वाचतायत ते घ्या. लक्ष्मीबाई १९३६ ला गेल्या, ते कधीच मोकळं झालंय. साने गुरुजी मोकळे. मर्ढेकर १९५६ ला गेले, त्यांच्या कविताही मोकळ्या. बक्कळ आहे.


अर्धवटराव | मंगळवार, सकाळी ९.२५

नियम पाळतो. चालू पुस्तकं सहा:
जी. ए. कुलकर्णींचं ‘काजळमाया’, पान ८०, उशाशी.
अरुण साधूंचं ‘मुंबई दिनांक’, पान १५०, ऑफिसच्या खणात.
मागच्या वर्षीचा एक दिवाळी अंक, पान २१०, त्यातली निम्मी पानं दागिन्यांच्या जाहिराती. जागा विचारू नका.
ज्ञानेश्वरी, अध्याय पहिला. गेली अकरा वर्षं.
उरलेल्या दोन पुस्तकांची नावं सांगत नाही, कारण ती ज्यांची आहेत ते या धाग्यावर आहेत.

‘मुंबई दिनांक’बद्दल दोन शब्द. १९७३ ची कादंबरी. ‘सिंहासन’ सिनेमा बघितलेल्यांना वाटतं आपल्याला सगळं ठाऊक आहे. सिनेमा हे आणि ‘सिंहासन’ अशी दोन पुस्तकं एकत्र करून बेतलाय, १९७९ ला. मी वाचताना पत्रकाराच्या जागी निळू फुले सोडून दुसरं कुणी आणायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही. पण पुस्तकात शहर जास्त आहे. खणात ठेवलंय, कारण साहेब मीटिंगला गेले की पाच पानं होतात. आज त्यांच्या दोन मीटिंगा आहेत. देव पावला.

जी. एं.चं मात्र रात्री वाचू नये. ‘विदूषक’ वाचून दिवा घालवला आणि तासभर छताकडे बघत पडलो. बायको म्हणाली, ‘ईएमआयचा विचार करताय का?’


गिरणगाव_७९ | मंगळवार, दुपारी १.१५

जयंत पवारांचं ‘अधांतर’. नाटक आहे, चालेल ना? पान ३०. जागा: लालबाग, आमची खोली, पंख्याखाली. श्रोता: बाबा.

आयडीतला आकडा माझ्या जन्मसालाचा. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, तेव्हा मी अडीच वर्षांचा. अडीच लाख कामगार बाहेर पडले असं पुस्तकांत वाचतो. आमच्या घरापुरता तो आकडा एकचा. बाबा साचेखात्यात होते. संप संपल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, त्यामुळे ते गंमतीत (गंमत म्हणजे काय ते तुम्हीच समजा) म्हणतात, ‘मी अजून संपावरच आहे.’

त्यांनी आयुष्यात पेपर सोडून काही वाचलं नाही. नाटकातली आई आणि तिची कामधंदा नसलेली पोरं, लालबागची चाळ, हे त्यांना वाचून दाखवावं की नाही याचा मी वर्षभर विचार करत होतो. शेवटी गेल्या रविवारी सुरू केलं. पहिली दहा मिनिटं ते काही बोललेच नाहीत. मग मला थांबवून म्हणाले, “आवाज चढव. खोलीत माणसं जास्त आहेत, कोण कुणाचं ऐकतंय?” त्यांना भांडणाचा आवाज बरोबर हवा होता. मग त्यांनी स्वतःच आईचे संवाद घेतले. वाचता येतं त्यांना, हळू. बोट ठेवून.

शेजारचे आले विचारायला, काय झालं म्हणून.

काल पान ३० वर म्हणाले, आता पुरे, उद्या. दिवा बंद केल्यावर म्हणाले, “लिहिणारा आपल्यातलाच दिसतो.” मी सांगितलं, हो, आणि २०२१ ला गेला. त्यावर काही बोलले नाहीत. समोरच्या टॉवरचे लाल दिवे खिडकीत लुकलुकत होते. तिथे गिरणी होती म्हणून सांगायची गरज नाही, तुम्हाला माहितीच आहे.


माहीमची_सून | मंगळवार, दुपारी १.४०

हे वाचून डबा तसाच राहिला, दादा. पुढचं पान झालं की लिहा.


टपरी_कटिंग | मंगळवार, दुपारी ३.००

माझं थोडं लाजिरवाणं आहे. इंग्लिश मीडियम, वय २२, मराठी पुस्तक स्वतःहून उघडायची पहिलीच वेळ. कॉलेजात ‘जेजुरी’ होतं, इंग्रजीतलं. मला वाटायचं अरुण कोलटकर म्हणजे इंग्रजी कवी. मग सर म्हणाले, अरे, त्यांची मराठी वही उघडून बघ. ‘भिजकी वही’ घेतली. वही कसली, वीट आहे. पान २४, तीन आठवडे.

जागा: काळा घोडा, डेव्हिड ससून लायब्ररीच्या मागची बाग. बाहेर हॉर्न आणि आत झाडाखाली खुर्च्या, त्यात अर्धे लोक झोपलेले. कोलटकर याच चौकात वेसाइड इनमध्ये बसायचे हे माहीत होतं. ते हॉटेल आता नाही. त्यामुळे मी शक्य तितक्या जवळ बसतो, एवढंच.

कवितेत हिपेशिया येते, कॅसांड्रा येते, कण्णगी येते. जगभरच्या रडणाऱ्या बायका. मला प्रत्येकीची गोष्ट मोबाइलवर शोधावी लागते आणि मराठी शब्द आईला फोन करून विचारावे लागतात. काल ‘पदर’ म्हणजे काय ते विचारलं. म्हणजे साडीचा माहीत होता, पण वाक्यात बसेना. आई म्हणाली, ‘गोष्टीला पदर असतात, माणसालाही असतात,’ आणि मग दहा मिनिटं आजीबद्दल बोलत राहिली. फोनचं बिल फुकट असतं म्हणून बरं.


निवृत्त_वाहक | मंगळवार, दुपारी ४.२०

लाजायचं काय त्यात बाळा. मी ६० नंतर माडगांवकर उघडला. पान ११९. आज तिथल्या पंख्याने एक पान आपणहून उलटलं, ते मी मोजलेलं नाही.


कानसेन | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

मी ऐकतो, चालेल का? पान नाही, ४ तास १२ मिनिटं. ‘बटाट्याची चाळ’, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, गोरेगाव ते अंधेरी. हे अंतर तेवढ्याच वेळात पार होतं असा अर्थ काढू नये, पण पावसाळ्यात तसंच वाटतं.


अर्धवटराव | मंगळवार, संध्याकाळी ७.००

ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. डोळे मिटून जेवल्यासारखं आहे ते.


कानसेन | मंगळवार, संध्याकाळी ७.०४

सहा पुस्तकं अर्धी टाकणाऱ्याने जेवणावर बोलू नये.


माहीमची_सून | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

माझ्या सासूबाई महिनाभर ऐकतायत फक्त. त्या ‘वाचत’ नाहीत असं त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवा, मी पत्ता देते.


चौथी_सीट | बुधवार, सकाळी १०.३५

भांडा निवांत. मी ऑफिसात पोहोचले आणि आधी हे लिहितेय. आज पान ६७. नव्या खुणा:

पान ४८: भायखळा.
पान ५६: व्ही.टी.
पान ६६: भायखळा.

भायखळा पुन्हा! आणि ‘व्ही.टी.’ असं, टिंबं देऊन. मागच्या कव्हरला चिकटवलेली तारखांच्या शिक्क्यांची पट्टीही बघितली. १९८४, १९८५, मग १९८८, १९९१, मग एकदम २००९, आणि मग मी. अठरा वर्षं हे पुस्तक कुणी नेलंच नाही, म्हणजे कपाटात नुसतं उभं.


टाइमटेबल | बुधवार, सकाळी ११.१०

मी पुस्तकं वाचत नाही, वेळापत्रक वाचतो. बायकोने हा धागा दाखवला म्हणून आलो.

१९९६ ला व्ही.टी.चं सीएसटी झालं, तेव्हा खुणा त्याच्या आधीच्या. २००९ चा वाचक बाद.


निवृत्त_वाहक | बुधवार, सकाळी ११.२५

मी आजही व्ही.टी.च म्हणतो. आणि त्याआधी बोरीबंदर म्हणायचो. त्या हिशेबाने माझं वय काढा बघू.


टाइमटेबल | बुधवार, दुपारी १२.४०

काका, मान्य. पण मुद्दा वेगळाच आहे. मला दुसरीच गोष्ट खटकतेय. रोज ऑफिसला जाणारा माणूस रोज एकाच स्टेशनवर चढतो, एकाच स्टेशनवर उतरतो. पुस्तक मिटताना खूण केली तर दरवेळी तेच नाव यायला हवं. इथे वेगवेगळी नावं का?


अर्धवटराव | बुधवार, दुपारी १२.५५

फिरतीची नोकरी. विम्याचा एजंट नाहीतर औषधकंपनीचा माणूस.


टाइमटेबल | बुधवार, दुपारी १.३०

नाही. हिशेब करून सांगतो, डबा खाऊन झालाय. मुलुंड ते कांजूर स्लोला साधारण आठ मिनिटं. पानं ९ ते १७, म्हणजे आठ. कांजूर ते शीव: विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला करत पंधरा-सोळा मिनिटं. पानं १७ ते ३३, सोळा. शीव ते भायखळा: माटुंगा, दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी धरून पुन्हा पंधराच्या आसपास. पानं पंधरा. भायखळा ते व्ही.टी. आठ. पानं आठ.

मिनिटाला एक पान. अख्ख्या प्रवासात वेग बदललेला नाही.

आता ५६ ला व्ही.टी. आणि ६६ ला भायखळा, मध्ये दहा पानं. आठ मिनिटं गाडीची आणि दोन मिनिटं गाडी प्लॅटफॉर्मला उभी. म्हणजे माणूस उतरलाच नाही. त्याच गाडीत बसून परत निघाला. हे एकाच दिवसाचं, एकाच बैठकीचं वाचन आहे. पान १ कळव्याच्या आसपास येतं, तिथेच कुठेतरी बसायला मिळालं असणार.

माझा अंदाज, पुढची खूण पान ८१-८२ ला, शीव.


कानसेन | बुधवार, दुपारी १.४५

साहेब, तुम्ही पुस्तकं वाचत नाही हे आता मागे घ्या.


गिरणगाव_७९ | बुधवार, दुपारी २.१०

म्हणजे कामाला जायचं म्हणून घरातून निघाला आणि गेलाच नाही?

१९८४-८५ चे शिक्के आहेत म्हणालात ना. त्या दोन-तीन वर्षांत या लाइनवर अशी पुष्कळ माणसं असतील. सकाळी डबा घेऊन निघायचं, संध्याकाळी परत यायचं. बाबा काही महिने तसंच करायचे, पण ते राणीबागेत बसायचे. भायखळ्यालाच.

काही म्हणायचं नाहीये, आपलं मनात आलं.


टपरी_कटिंग | बुधवार, दुपारी २.३०

सगळे ‘तो’, ‘माणूस’ असंच का म्हणताय? बाई का नाही?


चौथी_सीट | बुधवार, दुपारी २.५०

खरंच की. आणि मी स्वतः लेडीज डब्यात बसून ‘तो’ म्हणत होते मनातल्या मनात. अक्षर बारीक आहे, पण त्यावरून काही ठरत नाही. माझ्या नवऱ्याचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि माझं डॉक्टरसारखं.

पुढे बघत नाही, शप्पथ. टाइमटेबल, शीवचं उद्या कळेल.


अर्धवटराव | बुधवार, रात्री १०.००

कादंबरीत शेवटी—


माहीमची_सून | बुधवार, रात्री १०.०१

शेवट सांगितलात तर बघा!


अर्धवटराव | बुधवार, रात्री १०.०३

अहो, मी सांगत होतो की मला शेवट माहीत नाही. मी ते पान ५५ वर सोडलं होतं. २००६ ला.


चौथी_सीट | गुरुवार, सकाळी १०.४०

पान ८२: शीव.

टाइमटेबल, साष्टांग.


टाइमटेबल | गुरुवार, सकाळी १०.४२

धन्यवाद. बायकोला दाखवलं.


गिरणगाव_७९ | गुरुवार, रात्री ११.२०

अधांतर, पान ५२. आज आईपण बसली ऐकायला. बाबांनी आईचे संवाद तिला देऊ केले. ती म्हणाली, “मला नको, मी खऱ्यातले म्हटलेत पुरेसे.” मग भाजी निवडत ऐकत राहिली. एका जागी बाबा चुकले आणि ओळ गाळली, तर तिने मान वर न करता सांगितलं, “आधीचं राहिलं.” तिला ते कसं कळलं, माहीत नाही. पुस्तक तिने कधी उघडलेलं नाही.


निवृत्त_वाहक | शुक्रवार, दुपारी ४.३०

पान १२८. आज मजा झाली. समोरच्या अभ्यासू मुलाने शेवटी विचारलं, आजोबा, रोज काय म्हणता? मी त्याला अर्धं पान वाचून दाखवलं. त्याच्या परीक्षेत आधुनिक मुंबईवर प्रश्न येतो म्हणे. मी त्याला सांगितलं, हे पुस्तक आलं तेव्हा अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं, त्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव होता, किल्ल्याचा तट पाडायला घेतला होता, जो तो शेअर घेत सुटला होता. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. माडगांवकरही त्याच वर्षी गेले. म्हणजे शहर फुगलेलं असताना याने त्याचं चित्र काढलं आणि फुगा फुटायच्या सुमारास हा निघून गेला. मुलगा म्हणाला, ‘किती मार्कांना येईल?’ मी म्हटलं, दोन.

त्याने वहीत लिहून घेतलं.


चौथी_सीट | शनिवार, दुपारी १.०५

हे गाडीतून लिहितेय.

शनिवारी ऑफिसला अर्धा दिवस असतो. आज गेले नाही. घरी सांगितलेलं नाही, इथे सांगतेय. सकाळी उशिराची स्लो पकडली, गर्दी ओसरल्यावरची, खिडकी मिळाली. पुन्हा पान १ पासून सुरू केलं. मिनिटाला पान माझ्याने होत नाही, मी टाइमटेबलच्या माणसापेक्षा (किंवा बाईपेक्षा) हळू आहे. मुलुंडला मी सहावर होते. पण भायखळ्यापर्यंत खुणा बघायचं विसरूनच गेले.

व्ही.टी.ला सगळ्या उतरल्या. समोरची गजरेवाली टोपली उचलता उचलता म्हणाली, “लास्ट आहे ताई.” मी म्हटलं, माहितीय. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पुस्तकाकडे, आणि एक गजरा बाकावर ठेवून गेली. पैसे घ्यायला थांबली नाही. रिकाम्या डब्यात पंखे तेवढे खडखडत होते. मग परतीच्या बायका चढल्या आणि गाडी सुटली.

खुणांचं सांगते. पान ९८ ला ‘कांजूर’ आहे. टाइमटेबलच्या हिशेबाने १०६ ला ‘मुलुंड’ यायला हवं. नाहीये. बोट मुंबईला लागते आणि त्यानंतर पुस्तकभर एकही खूण नाही. शेवटच्या पानापर्यंत बघितलं. त्या पानांत काय आहे ते माहीमची_सून यांच्या धाकाने सांगत नाही, पण मी वाचलंय आणि मला ठाऊक आहे की तिथे मान वर करून स्टेशन बघायचं सुचत नाही. माझंच डोंबिवली गेलं. आता कल्याणला उभी आहे, पुस्तक संपलंय, म्हणजे माझ्याच नियमाने मी या धाग्यावरून बाद.

एक गुन्हा कबूल करायचाय. पर्समध्ये पेन्सिल होती. शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, बारीक ‘कल्याण’ लिहिलंय. काका, रागावू नका.


निवृत्त_वाहक | शनिवार, दुपारी १.२०

दंड होणार. आणि डोंबिवलीच्या पासावर कल्याणपर्यंत गेलात, त्याचा वेगळा.

पुस्तक परत कराल त्या दिवशी वाचनालयाचं नाव तेवढं कळवा. माडगांवकर पान १३१ वर आहे, तो थांबेल.